एजंटला चालता गेम वाचता यावा म्हणून: तपासणी टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

चौथ्या मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, अडकत होता. आमच्या गेममध्ये खेळणारा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला असतो. धोट्यातली कांडी (धाग्याची गुंडाळी) संपायच्या आत त्याने ती बदलायची, नाहीतर बाणा (आडवा धागा) तुटतो आणि चादर वाया जाते. तर हा धोटा अधूनमधून उजव्या पेटीत जाऊन थिजायचा. आम्ही एआय एजंटला गेमच्या आत डोकावणारं टूल जोडून दिलं आणि कारण शोधायला सांगितलं. त्याने धोट्याचा नोड वाचला (गेम ज्या घटकांनी बनतो त्यांतला एकेक म्हणजे नोड). उत्तर आलं, पोझिशन शून्य, शून्य. त्यावरून धोटा जागचा हलतच नाही असं त्याने ठरवलं आणि धोट्याची हालचाल सांभाळणारी, आठ महिने बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट नव्याने लिहून टाकली.

धोटा हलत होता. तो ज्या नोडच्या पोटात आहे तो नोड सरकतो, म्हणून पालकाच्या हिशोबाने धोट्याची जागा कायम शून्य-शून्यच असते. टूलने खरं तेच सांगितलं होतं. चूक मी लिहिलेल्या वर्णनात होती: "नोडची पोझिशन देतं." कुणाच्या हिशोबाने, हे त्यात कुठेच नव्हतं. माणूस असता तर स्क्रीनकडे एकदा बघून म्हणाला असता, अहो, हा तर पळतोय. एजंटला आपण जेवढं लिहून देतो तेवढंच दिसतं.

त्यानंतर मी सगळं डॉक्युमेंटेशन नव्याने लिहिलं. ते कसं लिहिलं ते इथे पायरी-पायरीने सांगतो. आमचं इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बनतो ते सॉफ्टवेअर, गोडो आहे, म्हणून उदाहरणं त्याची. युनिटी किंवा अनरियलवर काम करणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील, क्रम मात्र हाच चालेल. आमचं मूळ लेखन इंग्रजीत आहे. इथे त्याचा मजकूर मराठीत देतो आणि टूलची नावंही देवनागरीत लिहितो.

मांडणी थोडक्यात अशी. गेमच्या आत एक छोटा नोड बसवला आहे, तो सीन ट्री, म्हणजे सगळ्या नोडची झाडासारखी मांडणी, वाचतो. गेमच्या बाहेर पायथनमध्ये लिहिलेला एक पूल आहे. एका बाजूने तो गेमशी सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीवर, बोलतो आणि दुसऱ्या बाजूने एजंटशी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, या पद्धतीने. एमसीपी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलं. त्यात सगळे निरोप जेसन-आरपीसी २.० च्या साच्यात जातात (जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात मांडायची पद्धत). एजंटला प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय द्यायचं याचा आराखडा मिळतो. कोणतं टूल कधी वापरायचं हे तो एवढ्यावरूनच ठरवतो. तुम्ही वेगळं चाळीस पानी पुस्तक लिहिलंत तरी ते त्याच्यासमोर आपोआप येत नाही. म्हणून टूलचं वर्णन हेच खरं डॉक्युमेंटेशन समजून लिहायचं.

पहिली पायरी: सुरुवातीचं एक पान

टूलच्या यादीआधी एक लहान पान असू द्या. पूल सुरू झाल्यावर एजंटला आधी हेच मिळालं पाहिजे. पहिल्याच ओळीत इंजिनची आवृत्ती लिहा. मॉडेलनी इंटरनेटवरचा जुना मजकूर भरपूर वाचलेला असतो. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं आणि त्यात कितीतरी नावं बदलली. कायनेमॅटिकबॉडी२डीचं कॅरेक्टरबॉडी२डी झालं, स्पेशलचं नोड३डी झालं, यील्डच्या जागी अवेट आलं. आवृत्ती सांगितली नाही तर एजंट जुन्या नावाने शोधतो, त्याला काही सापडत नाही, आणि "असा नोडच नाही" असं तो ठामपणे सांगतो. आवृत्तीचा आकडा हाताने लिहू नका. तो इंजिनलाच विचारून त्या पानात भरला जाईल अशी सोय करा.

मग अक्ष आणि मापं. गोडोच्या २डीमध्ये वाय खाली वाढतो आणि माप पिक्सेलमध्ये असतं. ३डीमध्ये वाय वर जातो आणि एक एकक म्हणजे एक मीटर धरतात. अनरियलमध्ये वर जाणारा अक्ष झेड आहे आणि माप सेंटिमीटर. हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणूनच लिहायचं राहून जातं. कोनाची गंमत तर नेहमीची: गोडोच्या इन्स्पेक्टरमध्ये कोन अंशात दिसतो, पण कोडमधून वाचला की रेडियनमध्ये येतो. टूल कोडमधून वाचतं. एजंटला १.५७ मिळालं आणि त्याने ते दीड अंश समजून घेतलं, तर त्याला माग सरळ उभा दिसतो आणि खरा माग आडवा पडलेला असतो.

त्याच पानावर टूलला काय दिसत नाही तेही लिहा. आमच्या पानावरच्या ओळी अशा आहेत: आवाज वाजतोय का हे कळतं, पण तो ऐकू येत नाही. शेडरने (रंगकाम करणाऱ्या कोडने) स्क्रीनवर काय रंगवलं ते किमतींमधून कळत नाही, त्यासाठी फोटो घ्या. गेम हेडलेस, म्हणजे स्क्रीनशिवाय, चालू असेल तर चित्र रंगवलंच जात नाही, म्हणून फोटोही मिळत नाही. ही शेवटची ओळ लिहीपर्यंत एजंट सर्व्हरवर पुन्हा पुन्हा फोटो मागत बसायचा.

दुसरी पायरी: एकेका टूलचं वर्णन

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तुमचाही जायला हवा. आधीचं वर्णन वर सांगितलंच. आताचं असं आहे:

"नोड_वाचा: चालू गेममधल्या एकाच नोडच्या या क्षणीच्या किमती देतं. नोडचा पूर्ण मार्ग माहीत असेल तेव्हा वापरा. माहीत नसेल तर आधी नोड_शोधा वापरा. 'स्थानिक जागा' पालक नोडच्या हिशोबाने असते, 'जागतिक जागा' पूर्ण दृश्याच्या हिशोबाने. एखादी गोष्ट हलते का हे पाहायचं असेल तर जागतिक जागा दोन वेगळ्या फ्रेमना वाचून तुलना करा. एका वाचनावरून हालचाल ठरवता येत नाही. फाइलमध्ये साठवलेल्या किमती हे टूल देत नाही."

यात पाच गोष्टी आल्या: काय मिळतं, कधी वापरायचं, कधी दुसरं टूल घ्यायचं, उत्तराचा अर्थ काय, आणि त्यातून काय सिद्ध होत नाही. पाचवी गोष्ट आधी मला सुचलीच नव्हती. "एका वाचनावरून हालचाल ठरवता येत नाही" हे वाक्य असतं तर आमची स्क्रिप्ट बचावली असती. प्रत्येक टूलचं वर्णन लिहून झालं की स्वतःला विचारा, हे उत्तर वाचून कुणी चुकीचा निष्कर्ष काढायचाच म्हटलं तर कोणता काढेल? त्याला अडवणारं वाक्य त्याच वर्णनात घाला.

शेवटच्या ओळीतला फाइल आणि चालू गेम यांतला फरकही वेगळा सांगावा लागतो. गोडोचं दृश्य साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं, एजंट ती थेट उघडून वाचू शकतो. फाइलमध्ये धोट्याचा वेग ४०० असतो आणि गेम सुरू झाल्यावर एखादी स्क्रिप्ट तो ५२० करते. दोन्ही आकडे खरेच. कोणता कुठून आला हे उत्तरातच लिहिलेलं असलं पाहिजे. आम्ही प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर "स्रोत: चालू गेम" किंवा "स्रोत: फाइल" असं लिहितो.

टूलची संख्या वाढवू नका. आमच्याकडे आधी १७ होती, आता ७ आहेत. एकसारख्या कामाची दोन टूल असली की एजंट कधी हे घेतो, कधी ते. मग वर्णनात कितीही समजावलं तरी घोळ मिटत नाही. वर्णनात दोन टूलमधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती दोन टूल एक करा.

तिसरी पायरी: उत्तरातला प्रत्येक रकाना

जेसन साधं दिसतं म्हणून आपण रकान्यांचं वर्णन लिहायला कंटाळतो. आमच्याकडे इथेच सगळ्यात चिवट घोटाळे निघाले.

पहिला आयडीचा. गोडोतला ऑब्जेक्टचा आयडी ६४ बिटांचा असतो. रेफकाउंटेड वस्तूंचे, म्हणजे टेक्श्चर, मटेरियल अशा रिसोर्सचे आयडी ऋण चिन्हाचे आणि १९ अंकी येतात. जेसनमधला आकडा बऱ्याच ठिकाणी डबल, म्हणजे मर्यादित अचूकतेचा दशांश आकडा, म्हणून वाचला जातो. गोडोचा स्वतःचा जेसन वाचकही प्रत्येक आकड्याचा फ्लोट (तसाच दशांश आकडा) करतो. २ च्या ५३व्या घातापलीकडे शेवटचे अंक बदलतात. एजंटने आपण दिलेलाच आयडी परत पाठवला तरी ती वस्तू सापडत नाही. म्हणून आयडी अक्षरमाला म्हणून द्या आणि लिहा: "आयडी हा मजकूर आहे, आकडा नाही, जसाच्या तसा परत पाठवा, गेम पुन्हा सुरू केला की जुना आयडी निरुपयोगी."

दुसरा नॅनचा, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशा किमतीचा. फिजिक्स बिघडलं की जागेच्या आकड्यात नॅन किंवा इन्फिनिटी येते, आणि जेसनमध्ये या दोघांना जागाच नाही. जी किंमत बघायला टूल बनवलं तीच पाठवता येत नाही. आम्ही तिथे "नॅन" हा शब्दच मजकूर म्हणून पाठवतो आणि वर्णनात सांगतो की हा शब्द दिसला तर बाकी सगळं सोडून आधी याचं कारण शोधा.

तिसरा नावांचा. कोडमधून जोडलेल्या नोडना गोडो स्वतःहून नाव देतं, त्यात ॲटचं चिन्ह आणि एक आकडा असतो. पुढच्या वेळी गेम चालवला की तो आकडा तोच राहील याची खात्री नाही. एजंटने आज टिपून ठेवलेला मार्ग उद्या दुसऱ्याच नोडकडे जाऊ शकतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहाच, आणि जमलं तर नोड जोडतानाच वाचता येईल असं नाव द्यायचा पर्याय वापरा.

नावांचाच आणखी एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठणार. आमच्या जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) दृश्यात एका नोडचं नाव "दोऱ्या" आहे. गोडो देवनागरी नावं व्यवस्थित चालवतं. एजंटने ट्रीची यादी घेतली, त्यात "दोऱ्या" होता. लगेच त्याने "दोऱ्या" मागितला आणि उत्तर आलं, असा नोड नाही. तीन वेळा तेच. आम्ही दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून पाहिली, डोळ्यांना तसूभर फरक दिसेना. मग दोन्हींचे कोडपॉइंट (प्रत्येक अक्षराचे युनिकोड क्रमांक) छापले. आमच्या चित्रकाराच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकला होता. एजंटने लिहिलेल्यात मराठीचा खास ऱ होता, युनिकोडमधला यू+०९३१. दोन्ही जोडाक्षरं दिसायला एक, बाइट मात्र वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, कारण त्याच्या लेखी ती समान नाहीतच. आता पूल दोन्ही बाजूंची नावं आपल्या नियमाने एकाच रूपात आणून मग जुळवतो. डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ आहे: "नाव हाताने टाइप करू नका, यादीतला मार्ग उचलून वापरा."

व्हेक्टरचं रूपही लिहून टाका. गोडो जेसनमध्ये व्हेक्टर (जागेसारखी दोन-तीन आकड्यांची किंमत) थेट गोल कंसातल्या मजकुरासारखा छापतं. आम्ही एक्स आणि वाय असे वेगळे रकाने देतो.

चौथी पायरी: वेळ

चालता गेम म्हणजे चालता माग. तुम्ही एक दोरा बघून दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिला पुढे गेलेला असतो. गोडोमध्ये फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, आणि एजंटच्या दोन प्रश्नांमध्ये काही सेकंद सहज जातात. धोट्याची जागा एका प्रश्नात आणि पेटीची अवस्था पुढच्या प्रश्नात विचारली तर ती दोन वेगळ्या क्षणांची असते. म्हणून प्रत्येक उत्तरात फ्रेमचा क्रमांक द्या आणि लिहा: फ्रेम क्रमांक वेगळे असतील तर या किमती एकमेकींशी ताडून पाहू नका. एकाच क्षणाचं चित्र हवं असेल तर आधी गेम थांबवा, सगळं वाचा, मग सोडा.

थांबवण्याबद्दल एक खबरदारी. गोडोत ट्री पॉज केली की त्यातले नोड थांबतात आणि तुमचा तपासणीचा नोडही त्यांच्याबरोबर झोपतो. मग एजंट प्रश्न विचारतो आणि उत्तर कधीच येत नाही. त्या नोडचा प्रोसेस मोड "ऑलवेज" ठेवा. आम्ही "एक फिजिक्स फ्रेम पुढे" असंही टूल दिलं आहे. त्याच्या वर्णनात, गेम थांबलेला नसेल तर हे चालत नाही, असं पहिल्याच वाक्यात आहे.

पाचवी पायरी: वाचण्याने काही बिघडतं का?

एमसीपीमध्ये टूलवर "फक्त वाचतं" अशी खूण करता येते. ती खूण म्हणजे सूचना आहे, हमी नाही. आणि वाचणं दर वेळी निरुपद्रवी असतंच असं नाही. गोडोमध्ये स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीला स्वतःचा गेटर, म्हणजे किंमत काढून देणारा कोड, लिहिता येतो, आणि किंमत वाचली की तो चालतो. आमच्या कांडीच्या स्क्रिप्टमध्ये "पुढचा रंग" विचारला की रांगेतला एक रंग कमी व्हायचा. एजंट तपासत होता आणि तपासण्यानेच चादरीचा नक्षा बदलत होता. आम्ही तो गेटर दुरुस्त केला, शिवाय अशा प्रॉपर्टींची यादी वर्णनात दिली.

सुरक्षिततेच्या ओळी थोड्याच, पण चुकवू नका. सॉकेट फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच संगणकावरून, ऐकतो. तपासणीचा नोड फक्त डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीत, असतो. गेममधून आलेला मजकूर, उदाहरणार्थ खेळाडूने टाकलेलं नाव, ही माहिती आहे. त्यात काही आज्ञा दिसली तरी ती पाळायची नाही. आणि स्टँडर्ड आउटपुटवरून (प्रोग्राम छापतो तो मजकूर जिथून बाहेर पडतो तिथून) एमसीपी चालवत असाल तर त्या नळीतून दुसरं काहीही जाता कामा नये. गेममधला एखादा विसरलेला प्रिंट तिथे सांडला तर संवाद मोडतो. आम्ही गेमचं आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये वळवतो आणि त्या फाइलचा पत्ता एजंटला सांगतो.

सहावी पायरी: चूक कळवणारे निरोप हेही डॉक्युमेंटेशनच

एजंट चुकतो तेव्हा त्याच्यासमोर तुमचा चूक कळवणारा निरोप असतो, मार्गदर्शिका नसते. "नोड सापडला नाही" यावर तो अंदाज बांधत सुटतो. आमचा निरोप आता असा येतो: "कारखाना/माग४/धोटे हा मार्ग नाही. माग४ आहे, त्याच्या पोटात धोटा, पेटी_डावी, पेटी_उजवी, ताणा आहेत." यानंतर एजंट पुढच्याच प्रश्नात योग्य नोड मागतो.

यादी लांब असेल तर ती कापली हे स्पष्ट लिहा. आमच्या कारखान्यात २४ माग आहेत, प्रत्येकात ५० च्या आसपास नोड. एका वेळी २०० देतो आणि शेवटी किती राहिले, ते कसे मागवायचे हे सांगतो. हे नसताना एजंटने कारखान्यात चारच माग आहेत असं गृहीत धरलं होतं.

सातवी पायरी: तुमच्या कामाचे शब्द

कांडी, धोटा, ताणा, बाणा हे शब्द सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतात. एजंट मात्र कांडी म्हटलं की भलतंच काहीतरी समजतो. त्यात आमचा चित्रकार घरी तेलुगू बोलतो, आवाजाचं काम बघणारी मुलगी कन्नड, आणि रोमन लिपीत नाव लिहिताना "धोटा"च्या शेवटी एक ए की दोन यावर प्रत्येकाचं मत निराळं. १५ शब्दांचं एक छोटं कोष्टक केलं: शब्द, गेममध्ये तो कोणता नोड, आणि त्याचं काम काय. "कांडी: धोट्याच्या आत बसते, तिच्यावर बाण्याचा धागा गुंडाळलेला असतो, संपली की माग थांबला पाहिजे." या शेवटच्या तुकड्यामुळे बरोबर वागणं कोणतं हेही एजंटला कळतं. आमच्या गल्लीत आयुष्यभर जॉबर म्हणून माग दुरुस्त केलेले एक काका राहतात. हे कोष्टक मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ओळी बदलायला लावल्या, आणि त्यांतली एक बदलताना गेममधलीही चूक सापडली.

आठवी पायरी: डॉक्युमेंटेशनची चाचणी

लिहिलेलं बरोबर आहे का हे वाचून कळत नाही. आम्ही एक अगदी छोटं दृश्य बनवलं आहे: एक माग, एक धोटा, दोन पेट्या आणि मुद्दाम पेरलेले तीन दोष. नवा एजंट घ्यायचा, आधीच्या संवादाचा मागमूस नसलेला, आणि त्याला टूलशिवाय काही द्यायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे. तो कोणतं टूल कोणत्या क्रमाने वापरतो याची पूर्ण नोंद ठेवायची. चुकला तर वर्णनातलं एकच वाक्य बदलायचं आणि पुन्हा चालवायचं. एका दमात पाच वाक्यं बदललीत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. प्रत्येक प्रश्न निदान चार-पाचदा विचारा, कारण एकदा बरोबर आलेलं उत्तर दुसऱ्यांदा चुकू शकतं.

वर्णनातली उदाहरणंही याच दृश्यावर आपोआप चालवून पाहतो. कोड बदलला आणि उदाहरणातलं उत्तर जुळलं नाही तर बिल्ड अडतं. रकान्यांची यादी कोडमधूनच तयार होते, ती हाताने कुणी लिहीत नाही. अर्थ सांगणारी वाक्यं मात्र माणसानेच लिहायची.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपल्यावर, जानेवारीत, चौथ्या मागाचा प्रश्न नव्या एजंटला पुन्हा दिला. त्याने आधी कोष्टक वाचलं. धोट्याची जागतिक जागा दोन फ्रेमना वाचली आणि लिहिलं, धोटा हलतो आहे. मग गेम थांबवला आणि एकेक फिजिक्स फ्रेम पुढे नेत उजव्या पेटीचा कोलिजन शेप (धडक ठरवणारी आकृती) वाचत गेला. पेटीचं तोंड धोट्यापेक्षा दोन पिक्सेलने अरुंद होतं. फक्त चौथ्या मागावर, कारण तो मी हाताने मोठा-लहान करून बसवला होता.